तोंड दरीकडे, पाठ डोंगराकडे

डोंगरउतारावरचा प्लॉट दाखवणारा माणूस गिऱ्हाइकाला नेहमी एकाच जागी नेऊन उभा करतो. प्लॉटच्या खालच्या कडेला, दरीकडे तोंड करून. समोर पवना किंवा मुळशी धरणाचं पाणी पसरलेलं असतं, पलीकडे निळसर डोंगररांगा असतात, आणि घर इथेच बांधायचं हे तिथल्या तिथे मनात ठरून जातं. या ओढीत काहीच गैर नाही. शहरात समोरच्या इमारतीच्या खिडक्या बघत जन्म काढलेल्या कुटुंबाला रोज सकाळी इतकी मोकळी नजर मिळणं ही मोठीच गोष्ट आहे. फक्त, त्याच जागी उभं राहून एकदा मागे वळून पाहायला हवं. मागे डोंगर आहे. घराला ओल येईल का, पायावर किती खर्च होईल, घरातली माणसं जुलैच्या रात्री शांत झोपतील का, हे बहुतेक सगळं त्या मागच्या बाजूवर अवलंबून असतं. तरी आराखड्याच्या चर्चेत दहातले नऊ तास पुढच्या काचांवर जातात आणि पाठीमागे एक भिंत ओढून विषय संपतो.

आधी पाण्याचा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की ते एक लिटर पाणी होतं. २२ जुलै २०२१च्या त्या भयंकर पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दोनशे चौरस मीटरच्या छपरावर एवढा पाऊस म्हणजे जवळपास एक लाख एकोणीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारी बारा टँकर. हे झालं फक्त छपराचं. घराच्या वर दोन एकर डोंगर असेल तर त्यावर त्याच एका दिवसात अठ्ठेचाळीस लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं थोडं मुरतं, बाकीचं खाली येतं, आणि खाली येताना वाटेत आपलं घर असतं.

त्याच पावसात महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. त्याआधी ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण आणि नंतर १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी अशाच गाडल्या गेल्या. ती माणसं नजाऱ्यासाठी तिथे राहायला गेली नव्हती, पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच होती. पण तिन्ही ठिकाणी पाऊस पडत राहिला, उतारावरची माती पाणी पिऊन जड झाली आणि मातीच्या कणांमधली पकड पाण्याच्या दाबाने सुटली. आपण हौसेने, पैसे खर्चून आणि नकाशे काढून अशाच उतारावर जात असू, तर तिथली माती आणि पाणी समजून घेणं हे आपलं पहिलं काम आहे.

सह्याद्रीचा डोंगर आतून कसा आहे हे कळलं की बरंच काही सोपं होतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले, त्यांतून हा प्रदेश तयार झाला. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात: कठीण काळ्या पाषाणाचा उभा कडा, त्याखाली सच्छिद्र, ठिसूळ खडकाचा मंद उतार, पुन्हा कडा. दोन थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी तांबड्या, चिकण मातीचा पट्टा असतो. वरून भेगांमधून झिरपत आलेलं पाणी या पट्ट्यावर आलं की त्याला खाली जायला वाट राहत नाही. मग ते आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर पडतं. उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत दिसणारी जागा जुलैत अचानक पाझरू लागते ती यामुळे. आणि घरं बहुतेक बांधली जातात ती नेमकी त्या मंद उताराच्या पट्ट्यात, कारण कड्यावर कुणालाच बांधता येत नाही.

म्हणून प्लॉट पावसाळ्यात बघावा, तोही भर पावसात. पाणी कुठून फुटतंय, कुठून वाहतंय, कुठे थांबतंय, हे तेव्हाच दिसतं. झाडांचे बुंधे बुडाशी वाकून मग सरळ वर गेले असतील, तर तिथली माती वर्षानुवर्षं हळूहळू खाली सरकते आहे असं समजावं. उताराला आडव्या भेगा, तिरके झालेले विजेचे खांब, मधेच फुगलेले जुने बांध यांचा अर्थही तोच. उंबराखाली पाणी असतं हे गावातली म्हातारी माणसं सांगतात, तेही कानावेगळं करू नये. वराहमिहिराने बृहत्संहितेत झाडांवरून आणि वारुळांवरून जमिनीतलं पाणी ओळखण्यावर आख्खा अध्याय लिहिला आहे. अर्थात झाडं पाहून पाया ठरत नाही. त्यासाठी समपातळी रेषांचा नकाशा आणि तीन-चार ठिकाणी खड्डे घेऊन केलेली मातीची तपासणी हवी. अर्ध्या मीटरच्या अंतराने रेषा काढलेला मोजणीचा नकाशा हातात आल्याशिवाय वास्तुरचनाकाराने पेन्सिल उचलू नये, इतकं माझं मत ठाम आहे.

त्या नकाशावर उताराचं प्रमाण कळतं. पाच मीटर आडवं चाललं की एक मीटर चढ, याला १:५ म्हणतात. कोनात सांगायचं तर साधारण अकरा अंश. महाराष्ट्राच्या बांधकाम नियमावलीत याहून तीव्र उताराच्या डोंगरजमिनीवर बांधकामाला परवानगी नाही. महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरान ही तर अनुक्रमे २००१ आणि २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं आहेत, तिथले निर्बंध आणखी कडक आहेत.

समजा, उतार बरोबर १:५ आहे आणि जमिनीवर एकशेवीस चौरस मीटरचं घर बांधायचं आहे. दहा मीटर खोल आणि बारा मीटर लांब असा ठोकळा बसवून सगळी जागा एका पातळीत खोदली तर मागे दोन मीटरचा उभा काप पडतो आणि एकशेवीस घनमीटर खोदाई होते. तेच घर सहा मीटर खोल आणि वीस मीटर लांब केलं, समपातळी रेषांच्या दिशेने आडवं पसरलं, तर काप सव्वा मीटरच्या आत राहतो आणि खोदाई बहात्तर घनमीटरवर येते. किंवा पहिलंच दहा मीटरचं घर पाच-पाच मीटरच्या दोन पातळ्यांत तोडून मध्ये सहा पायऱ्या दिल्या, तरी खोदाई साठ घनमीटर होते. क्षेत्रफळ तेवढंच राहून डोंगरावरची जखम निम्मी होते. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी घरबांधणीच्या खर्चावर लिहिलेल्या छोट्या सचित्र पुस्तिकेत हा सल्ला दोन चित्रांत दिला आहे: उतारावर घर रेषांना समांतर ठेवा, आडवं छेदू नका. तिरुवनंतपुरममध्ये नालंचिरा इथे खडकाळ टेकडीवर त्यांनी स्वतःसाठी बांधलेलं घरही डोंगर सपाट न करता त्याच्या चढाबरोबर टप्प्याटप्प्याने वर गेलं आहे. आपल्या कोकणातल्या जुन्या घरांचं तरी काय वेगळं आहे? अंगणातून पायरी चढून पडवी, पडवीतून पायरी चढून ओटी आणि माजघर. जमीन जशी चढली तसं घर चढलं.

इथे एक मोह मात्र टाळायला हवा. पोकलेन आणून मागचा डोंगर कापायचा आणि तीच माती पुढे ढकलून सपाटी करायची, म्हणजे एकाच खर्चात लॉनही होतं आणि घरही पुढे सरकून दरीच्या जवळ जातं. कागदावर हे चोख वाटतं. मग घराचा मागचा अर्धा भाग मूळ खडकावर बसतो आणि पुढचा अर्धा भरावावर. भराव दोन-तीन पावसाळे बसत राहतो, खडक जागचा हलत नाही, आणि घर बरोबर मध्यावर तडकतं. भरावावर बाग करा, गाडी उभी करा. घराचे पाय मात्र मूळ जमिनीपर्यंत गेलेच पाहिजेत.

आता घराच्या पाठीकडे येऊ. कापलेला डोंगर आणि घराची मागची भिंत यांच्यामध्ये किमान दीड ते दोन मीटर मोकळी जागा हवी. जुन्या घरांना परसदार होतं ते अकारण नव्हतं. आज जागा वाचवायला घराची मागची भिंतच माती अडवणारी भिंत करतात आणि पुढे सगळं आयुष्य ओलीशी झगडण्यात जातं. मधल्या जागेत उघडं गटार हवं, झाकलेलं नको, कारण गाळ साचला की तो दिसला पाहिजे. त्याहून महत्त्वाचा चर असतो तो वर, कापाच्या माथ्याच्याही वरच्या बाजूला. डोंगरावरून वाहत आलेलं पाणी कापापर्यंत पोहोचण्याआधीच तो अडवतो आणि घराच्या दोन्ही अंगांनी नैसर्गिक ओहोळात नेऊन सोडतो. हा चर खणायला घराच्या एकूण खर्चाच्या मानाने काहीच लागत नाही. तो घराच्याही आधी खणायचा असतो, कारण पाया उघडा असताना पडणारा पहिला पाऊस सर्वांत धोक्याचा.

माती अडवणाऱ्या भिंतीबद्दल लोकांची समजूत अशी असते की ती मातीच्या वजनाने पडते. प्रत्यक्षात बहुतेक भिंती पाण्याने पडतात. तीन मीटर उंच भिंतीमागे पाणी तुंबलं तर भिंतीच्या दर एक मीटर लांबीला सुमारे साडेचार टनांचा आडवा रेटा एकट्या पाण्याचा बसतो, मातीचा वेगळा. म्हणून भिंतीमागे खडीचा थर, तळाशी छिद्रांचा पाइप आणि भिंतीत ठरावीक अंतरावर पाझरभोकं असतात. कामगार ती भोकं सिमेंटने बुजवतात, कारण त्यांतून पाणी गळताना वाईट दिसतं. मालकालाही ते पटतं. पावसाळ्यात त्या भोकांतून पाणी आलं तर आनंद मानावा, आलं नाही तर काळजी करावी. कोकणातला गडगा चुना-सिमेंटाशिवाय नुसत्या दगडांनी रचतात, त्यामुळे पाणी त्याच्या अंगातून निघून जातं आणि पोट फुगलंच तर तेवढा भाग उकलून पुन्हा रचता येतो. दीड मीटरपर्यंतच्या बागेच्या टप्प्यांना आजही याच्याइतकं चांगलं काही नाही.

उतारावरच्या घराचे खांब सारख्या उंचीचे नसतात. डोंगराकडचा खांब दीड मीटरचा, दरीकडचा साडेचार मीटरचा. पाहणाऱ्याला वाटतं की धोका उंच, बारीक खांबाला आहे. भूकंपात होतं उलट. आखूड खांब ताठ असतो आणि खांबाचा ताठरपणा उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. उंची एक-तृतीयांश झाली की ताठरपणा सत्तावीसपट. मजला आडवा हलला की जवळजवळ सगळा भार तो आखूड खांबच ओढून घेतो आणि कातरला जातो. ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप आठवणाऱ्या महाराष्ट्राला सह्याद्री हलतो हे वेगळं सांगायला नको. म्हणून अभियंता खालच्या पातळीवर खांबांना बांधणारे बीम मागतो, भिंती घालायला सांगतो किंवा डोंगराकडचे खांब जमिनीखाली मोकळ्या खड्ड्यात नेऊन त्यांची उंची वाढवतो. अशा वेळी दिसायला बरं वाटत नाही म्हणून त्याचं म्हणणं कापू नये.

दरीवर झेपावणाऱ्या घरांचा विषय निघाला की अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं ‘फॉलिंगवॉटर’ आठवतंच. पिट्सबर्गचे मोठे दुकानदार एडगर कॉफमन यांना आपल्या कुटुंबाच्या सुट्टीच्या घरातून बेअर रन ओढ्यावरचा धबधबा दिसायला हवा होता. १९३५मध्ये फ्रँक लॉइड राइट यांनी आराखडा केला तो घर धबधब्यासमोर न ठेवता थेट त्याच्यावर ठेवणारा. घरातून धबधबा समोर दिसत नाही, त्याचा आवाज मात्र अहोरात्र येतो. दिवाणखान्यात शेकोटीपुढे डोंगराचा मूळ खडक फरशीतून वर आलेला तसाच ठेवला आहे. घराची पाठ डोंगराच्या बाजूला घट्ट रोवलेली आहे आणि गाडीची वाट घर आणि खडक यांच्यामधून जाते. मला त्या घरातली सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट ही मागची बाजू वाटते. पुढच्या, हवेत निघालेल्या गच्च्या जगभर छायाचित्रांत गेल्या, पण त्रास त्यांनीच दिला. बांधकामाच्या वेळी राइट यांना न सांगता जास्तीचं लोखंड घातलं गेलं, तरी त्या वाकत गेल्या, आणि काही ठिकाणी झुकाव अठरा सेंटिमीटरच्या आसपास पोहोचला. शेवटी २००२मध्ये पोलादी तारा ताणून त्यांना आधार द्यावा लागला. घर गळायचंही भरपूर. २०१९मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, ते योग्यच आहे. पण आपल्या कुटुंबाच्या खिशाला आणि आपल्या पावसाला चार मीटरची झेप परवडते का, याचं उत्तर छायाचित्रात मिळत नाही.

मग नजाऱ्याचं काय? तो हवाच; मात्र तो मिळतो मापांवर. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण एक मीटर वीस सेंटिमीटरवर असतात. व्हरांड्याच्या कडेपासून तीन मीटर मागे बसलात आणि कडेला नव्वद सेंटिमीटरचा भरीव कठडा असेल, तर नजर क्षितिजाखाली जेमतेम सहा अंश उतरते. जमीन अकरा अंशांनी उतरते आहे. म्हणजे खालची झाडी, शेतं, गावातली कौलं यांतलं जवळचं काहीच दिसणार नाही. दिसतील फक्त लांबचे डोंगर आणि आकाश. कठडा बारीक उभ्या सळ्यांचा केला तर नजर बावीस अंशांपर्यंत खाली जाते. भारतीय बैठकीवर बसणाऱ्या आजोबांचे डोळे तर पाऊण मीटरवर असतात, त्यांना भरीव कठड्यापलीकडे निव्वळ ढग. लाखो रुपये नजाऱ्यासाठी मोजून तो कठड्यामागे गाडलेली घरं बरीच आहेत.

दुसरी बाब दिशेची. घाटमाथ्यावरून कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेला, दिसणारा देखावा अप्रतिम असतो. दुपारी तीननंतरचं ऊनही तिथूनच येतं आणि जून ते सप्टेंबर झडही नैर्ऋत्येकडूनच मारते. दक्षिणेचं ऊन डिसेंबरातही माध्यान्हीला अठ्ठेचाळीस अंशांवर असतं, त्याला साधं पुढे आलेलं छप्पर अडवतं. पश्चिमेचं ऊन सपाट येतं, त्याला छप्पर पुरत नाही. म्हणून पश्चिमेला भिंतभर काच लावून मग एसी आणि पडद्यांनी ती झाकण्यापेक्षा खोल पडवी ठेवावी, तिच्या आत काच घ्यावी आणि पावसाळ्यात बाहेरून बंद करता येतील अशी सरकती लाकडी किंवा बांबूची झडपं द्यावीत. छप्पर दरीकडे उंच उचलण्याची सध्या फॅशन आहे. त्याने काच मोठी होते, पण ऊन-पाऊस आत येतो आणि छपराचं सगळं पाणी घराच्या पाठीमागे, डोंगराच्या कापात पडतं. पाणी पडायला याहून वाईट जागा नाही. वळचण दरीकडे खाली आणावी. तिच्या सावलीतून पाहिलेली दरी डोळ्यांना जास्त सुखाची वाटते, कारण वरचं झगझगीत आकाश कापलं जातं. आणि प्रत्येक खोलीला तोच देखावा द्यायची गरज नाही. स्वयंपाकघराला मागच्या परसातला नेच्यांनी हिरवा झालेला दगड पुरतो, न्हाणीघराला एखादं झाड.

हे कुटुंबाचं घर आहे, हेही विसरू नये. रस्ता वरून असेल तर घरात शिरणं वरच्या मजल्यावर होतं आणि निजायच्या खोल्या खाली जातात. अशा वेळी आईवडिलांची खोली रस्त्याच्या पातळीला, दिवाणखान्याशेजारी ठेवावी. गुडघे दुखायला लागले की नजारा खालच्या मजल्यावर असून उपयोग नसतो.

एवढा पाऊस पडून डोंगरावरच्या घरात मे महिन्यात टँकर का येतो? कारण पाणी वाहून जातं. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गड बांधण्याविषयी लिहिताना आधी पाणी पाहायला सांगितलं आहे, आणि एका झऱ्यावर भिस्त न ठेवता टाकी खोदायला सांगितलं आहे. आपला हिशेब असा: पाच माणसं, माणशी १३५ लिटर, कोरडे आठ महिने, म्हणजे सुमारे एक लाख बासष्ट हजार लिटर. दीडशे चौरस मीटरच्या छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला तर त्याच्या अडीचपटीहून जास्त पाणी नुसतं छपरावरून वाहून जातं. टाकी बांधली तर पाणी पुरतं. पण एक लाख बासष्ट हजार लिटर म्हणजे एकशेबासष्ट टन वजन, त्यामुळे ती टाकी कापलेल्या मूळ जमिनीतच बसली पाहिजे, भरावावर कधीच नाही. सांडपाण्याचा शोषखड्डाही घराच्या खालच्या अंगाला, कोणत्याही भिंतीच्या पायापासून दूर हवा. नाहीतर डोंगर ओला करायचं काम आपणच बारा महिने करत राहू.

तुमच्या मनात असा एखादा प्लॉट भरला असेल, तर इसार देण्याआधी एक पावसाळा थांबा. जुलैत रेनकोट घालून जा, विकणाऱ्याने उभं केलेल्या कडेवर नको, प्लॉटच्या वरच्या टोकाला जा आणि तासभर पाणी कुठून येतंय ते बघा. सोबत मोजणीवाल्याला आणि वास्तुरचनाकाराला न्या. उतार १:५ हून तीव्र निघाला, तर तो प्लॉट सोडून द्या.